कॅम्पेनचं जग मिळून रचताना: डीएम आणि खेळाडूंमध्ये शेवटचा शब्द कुणाचा?

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, आणि डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, बाकीचं सगळं जग चालवतो. एका बैठकीला सेशन म्हणतात, अनेक सेशन चालणाऱ्या सलग गोष्टीला कॅम्पेन. बहुतेक नव्या डीएमच्या वहीत पहिल्या सेशनच्या आधीच राजघराण्याच्या सात पिढ्या लिहून तयार असतात. खेळाडू येतात, फासे काढतात आणि विचारतात, "इथे खाणावळ कुठेय?" सात पिढ्या वहीतच राहतात. मग डीएमला वाटतं, यांना जगाची पर्वाच नाही. पर्वा असते, पण ज्या गोष्टीला आपला हात लागलाय तिची. म्हणून जग रचण्याचं काम खेळाडूंबरोबर वाटून घ्यायचं.

ही काही हल्लीची टूम नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली छापलं गेलं, त्याच्या आधीपासून त्याच्या दोन निर्मात्यांपैकी एक, डेव्ह आर्नेसन, मिनेसोटात आपली ब्लॅकमूर कॅम्पेन चालवत होते. दुसरे निर्माते गॅरी गायगॅक्स यांच्या ग्रेहॉक कॅम्पेनमधल्या खेळाडूंची पात्रं तर थेट नियमपुस्तकात जाऊन बसली. 'टेन्सर्स फ्लोटिंग डिस्क' या मंत्रातला टेन्सर हे गायगॅक्स यांच्या मुलाचं पात्र, अर्नेस्ट या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून ठेवलेलं नाव. दुसऱ्या एका मंत्रातला ड्रॉमिज म्हणजे जिम वॉर्ड या खेळाडूचं नाव इंग्रजीत मागून वाचलेलं. जवळजवळ पन्नास वर्षं झाली, आपले विझार्ड, म्हणजे मांत्रिक पात्रं, अजून ते मंत्र टाकतायत.

वाटून घेताना बिनसतं ते बहुतेक वेळा एकाच कारणानं: कुठल्या बाबतीत शेवटचा शब्द कुणाचा, हे आधी ठरलेलं नसतं. खालची सगळी पद्धत त्याभोवती आहे. उदाहरणासाठी एकच जागा घेऊ. खारणी नावाचं खाडीकाठचं बंदर. मिठागरं, चिखल, गलबतं. टेबलावर डीएम आणि चार खेळाडू: ड्वॉर्फ (बुटक्या, दणकट जमातीची) फायटर म्हणजे लढवय्यी, क्लेरिक म्हणजे देवळाची पुजारीण, रोग म्हणजे चोरटा, आणि विझार्ड.

आधी ठरवा, किती वाटायचं

ढोबळ तीन पातळ्या धरा. पहिलीत खेळाडूच्या ताब्यात फक्त आपल्या पात्राचं अंगण असतं: कूळ, गाव, देऊळ, गुरू, टोळी. दुसरीत कॅम्पेन सुरू होण्याआधी सगळे मिळून जगाचा सांगाडा उभा करतात आणि खेळ सुरू झाला की तो सांभाळायला डीएमकडे देतात. फेट कोअर (२०१३) या खेळाची सुरुवातच अशी होते. जगातली मोठी संकटं कोणती आणि महत्त्वाची माणसं नि ठिकाणं कोणती, हे गट बसून ठरवतो. तिसऱ्या पातळीवर खेळ चालू असतानाही खेळाडू जगात भर घालू शकतात. त्याच्याही पुढे बेन रॉबिन्स यांचा मायक्रोस्कोप (२०११) आहे. तिथे डीएमच नाही. ज्याची पाळी त्याचं राज्य, आणि त्या वेळात बाकीच्यांनी सूचनासुद्धा करायच्या नाहीत. ही शेवटची अट पहिल्यांदा जाचक वाटते, पण लाजाळू खेळाडूच्या कल्पना टेबलावर यायला तिच्याइतका चांगला उपाय मी पाहिलेला नाही.

डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) खेळणाऱ्या नव्या गटानं पहिली पातळी पूर्ण घ्यावी, दुसरीतलं थोडं घ्यावं आणि तिसरी गट रुळल्यावर बघावी. एकदम तिसरीवर उडी मारली की ज्याचा आवाज मोठा तो जग रचतो आणि बाकीचे माना डोलावतात.

पायरी १: शेवटच्या शब्दाचा कागद

एक कागद घ्या आणि सगळ्यांसमोर लिहा. तोंडी ठेवू नका, तिसऱ्या सेशनपर्यंत प्रत्येकाला वेगळंच आठवत असतं.

- ज्याचं पात्र, त्याची माणसं. ड्वॉर्फ एकच असेल तर ड्वॉर्फ लोक काय खातात, मेलेल्याला पुरतात की मिठात ठेवतात, लग्नात कोण कुणाला काय देतं, हे ती खेळाडू सांगेल. डीएमलासुद्धा तिला विचारावं लागेल.
- आत्ता पडद्यामागे काय चाललंय, कोण कसला कट करतंय आणि घडलेल्या गोष्टींची खरी कारणं काय, हे डीएमचं.
- नियम आणि आकडे डीएमचे. "आमच्या कुळातल्या कुणालाच आग लागत नाही" हे जगाचं वर्णन नव्हे, फायर रेझिस्टन्सची, म्हणजे आगीचा मार कमी लागण्याच्या सवलतीची, मागणी आहे.
- सूर सगळ्यांचा. एखादी गोष्ट नकोशी झाली तर कुणीही, कारण न देता, थांबवू शकतो.

एकाच कुळाचे दोन खेळाडू असतील तर ज्यानं आधी सांगितलं ते खरं, आणि दुसऱ्यानं भूगोल वापरायचा: "तुमच्याकडे असेल तसं, आमच्या वरच्या खोऱ्यात नाही." अर्ध्या भांडणांचा निकाल इथेच लागतो.

पायरी २: काय हवं, काय नको

सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या तयारीच्या बैठकीला, साधारण तीन तास ठेवा. त्यातली पहिली वीस मिनिटं या यादीची. कल्पना मायक्रोस्कोपमधली आहे, पण कुठल्याही खेळाला चालते. कागदावर दोन रकाने करा, 'हो' आणि 'नाही'. प्रत्येकानं पाळीपाळीनं एकेक गोष्ट कुठल्याही रकान्यात लिहायची. कुणाला काही सुचेनासं झालं की तो फेरा पूर्ण करून थांबायचं.

'हो'मध्ये त्या सूराला एरवी न शोभणाऱ्या पण आपल्याला हव्या असलेल्या गोष्टी येतात: बंदुका, बोलणारे कावळे, लोकल ट्रेनसारखी होड्यांची वेळापत्रकं. 'नाही'मध्ये एरवी आपोआप शिरल्या असत्या अशा गोष्टी: भविष्यवाणीतला निवडलेला नायक, पुन्हा जिवंत होणं, एल्फ (टोकदार कानांची, दीर्घायुषी जमात). "एल्फ नाहीत" एवढ्या दोन शब्दांनी जग किती बदलतं ते करून पाहा.

मराठी गटांनी दोन गोष्टी या टप्प्यावर मुद्दाम काढाव्यात. पहिली म्हणजे जात. काल्पनिक जगातली कुळं, धंदे आणि वस्त्या रचताना आपल्या हातून ती नकळत येते: अमक्या जमातीनं गावाबाहेर राहायचं, तमक्यांनी पाण्याला हात लावायचा नाही. खेळात अन्याय दाखवायचा असेल तर ठरवून, सगळ्यांच्या संमतीनं दाखवा. सजावट म्हणून येऊ देऊ नका. टेबलावरच्या एखाद्यासाठी ती सजावट नसते. दुसरी, खऱ्या ऐतिहासिक व्यक्ती. एकाला जो आदराचा विषय तो दुसऱ्याला मसाला वाटतो, आणि मग संध्याकाळ फाशांऐवजी वादात जाते. माझं मत विचाराल तर त्यांना सरळ 'नाही'च्या रकान्यात टाका आणि गड, गनिमी कावा, दर्यावर्दी हे सगळं खुशाल घ्या.

त्रासदायक विषयांची यादी मात्र वेगळ्या कागदावर करा. रॉन एडवर्ड्स यांनी मांडलेली 'लाइन्स अँड व्हेल्स' पद्धत सोपी आहे: काही गोष्टी खेळात येणारच नाहीत, आणि काही येतील पण पडद्याआड, वर्णनाशिवाय. ही यादी डीएमला खाजगीत पाठवायची सोय ठेवा. चारचौघांत "मला हे नको" म्हणणं सगळ्यांना जमत नाही.

पायरी ३: नकाशा, सगळ्यांच्या हातानं

मोठा कागद मधोमध ठेवा, साधा कार्डशीटसुद्धा चालेल. पेन्सिल फिरवत न्यायची. पहिल्या फेरीत प्रत्येकानं निसर्गातली एक गोष्ट काढायची, दुसऱ्या फेरीत माणसांची एखादी खूण, तिसऱ्या फेरीत एक अफवा. चित्रकला येत नाही ही सबब मान्य करू नका. त्रिकोण म्हणजे डोंगर आणि गोल म्हणजे गाव, एवढं सगळ्यांना येतं.

खारणीत असं झालं समजा. विझार्डनं खाडी काढली आणि म्हणाला, दर बारा वर्षांनी समुद्र कोसभर मागे सरतो. ड्वॉर्फनं त्या मोकळ्या होणाऱ्या चिखलावर मिठागरं आखली. रोगनं चिखलात रुतलेलं एक गलबत काढलं. क्लेरिकची पाळी आली तेव्हा तिनं अफवा दिली: अमावास्येला त्या गलबतावर दिवा लागतो. अर्धा तासही झालेला नाही आणि डीएमकडे पहिल्या तीन सेशनचं साहित्य आहे, तेही असं की ज्यातली एकही गोष्ट कुणाला वाचून दाखवावी लागणार नाही.

कागद मात्र भरून टाकू नका. डन्जन वर्ल्ड (२०१२) डीएमला नकाशे काढायला सांगतो आणि त्यात रिकाम्या जागा सोडायलाही सांगतो. निम्मा कागद कोरा राहिला तर उत्तम. नकाशा काढण्यातच रमणारा गट असेल तर एव्हरी ॲल्डर यांचा द क्वाएट इयर (२०१३) एक संध्याकाळ खेळून बघा. पत्त्यांचा कॅट, ५२ पानं म्हणजे वर्षाचे ५२ आठवडे, आणि खेळता खेळता वस्तीचा नकाशा तयार होतो. तोच पुढे कॅम्पेनला वापरता येतो.

पायरी ४: प्रश्न विचारण्याची कला

खरं काम इथे आहे. अपोकॅलिप्स वर्ल्ड (२०१०) या खेळानं डीएमनं खेळाडूंना प्रश्न विचारणं हा चालवण्याचाच भाग केला आणि नंतरच्या कितीतरी खेळांनी ते उचललं. पण प्रश्न कसा विचारायचा हे शिकावं लागतं. "तुझ्या गावाबद्दल काहीतरी सांग" असं म्हटलं की समोरचा गोठतो. त्याला वाटतं आता निबंध लिहायचाय.

हा प्रसंग पाहा.

डीएम: "तुझ्या मिठागरावर गेल्या हंगामात पीक बुडालं. लोक दोष कुणाला देतात?"

ड्वॉर्फ: "अं... देवळाला. पुजाऱ्यांनी बांधाची पूजा उशिरा केली म्हणून."

डीएम (क्लेरिककडे वळून): "अगं, ते देऊळ तुझंच. उशीर का झाला, याबद्दल देवळात काय सांगतात?"

क्लेरिक: "सांगतात की थोरल्या पुजारीणबाई आजारी होत्या. पण त्या आजारी नव्हत्या, एवढं मला माहितीय."

डीएम: "बरं. पुढचं मी बघतो."

इथे तीन गोष्टी घडल्या. प्रश्नातच अर्धी माहिती होती: पीक बुडालं हे डीएमनं ठरवलं, दोष कुणाला हे खेळाडूनं. त्यामुळे सुरुवात करायला पायाखाली जमीन मिळाली. दुसरं, प्रश्न पात्राला ठाऊक असेल अशा गोष्टीचा होता. लोक काय म्हणतात, देवळात काय सांगतात. "खरं काय झालं?" असं डीएमनं विचारलंच नाही, कारण खरं कारण त्याच्या ताब्यातलं. तिसरं, एकीच्या उत्तरातून दुसरीला प्रश्न गेला, आणि दोन पात्रांमध्ये ताण आपोआप आला. दोघींनी मिळून तो ठरवून आणला असता तर इतका चांगला जमला नसता.

प्रश्न कुणाला विचारायचा याचंही एक पथ्य आहे. पॉल झेगे यांच्या नावानं ओळखलं जाणारं तत्त्व सांगतं की अडचण आणि तिची सोडवणूक दोन्ही एकाच माणसानं रचली तर खेळात मजा उरत नाही. म्हणून दार उघडणाऱ्यालाच "आत काय आहे?" विचारू नका. तो खजिना सांगेल, आणि नाही सांगितला तरी कोड्याचं उत्तर आपणच लिहिल्याची चव तोंडात राहील. विचारायचंच असेल तर दुसऱ्याला विचारा, तेही धोक्याच्या बाजूनं: "रोग, तू अशा कुलपांबद्दल काय ऐकलंयस, ज्यामुळे आत्ता तुझा हात थबकलाय?"

बाकी लहानसहान: शांत खेळाडूला छोटा प्रश्न द्या, दोन पर्याय देऊन. "तुझा मामा तुला बघून खूश होतो की दार लावून घेतो?" 'पास' म्हणायची मुभा प्रत्येकाला हवी, आणि पास झालेला प्रश्न लगेच दुसऱ्याकडे जावा, नाहीतर टेबल थंड होतं. लढाई रंगात आली असताना, किंवा एखादं रहस्य उलगडायच्या बेतात असताना, काहीही विचारू नका. सेशनमध्ये पाच-सहा प्रश्न पुष्कळ झाले. त्याहून जास्त विचारले की खेळाडूंना वाटतं डीएमनं तयारीच केलेली नाही, आणि कधीकधी ते खरंही असतं.

पायरी ५: खेळ चालू असताना भर घालणं

फेटमध्ये खेळाडू एक फेट पॉइंट खर्च करून गोष्टीत एखादा तपशील घालू शकतो. डी अँड डीत हे आणायचं तर प्रत्येक सेशनला प्रत्येकाला एकेक कॅरमची सोंगटी द्या. सोंगटी टाकली की जगाबद्दल एक वाक्य बोलायचं. अटी अशा: वाक्य आपल्या पात्राच्या अनुभवातून आलेलं असावं, आधी टेबलावर ठरलेलं काही मोडू नये, आणि समोरची अडचण त्या वाक्यानं सुटून जाऊ नये. फार तर एक नवी वाट उघडावी.

"बंदरावरचा जकातवाला माझा जुना गिऱ्हाईक आहे" हे चालेल. "जकातवाला आम्हाला फुकट सोडतो" हे नाही. तो गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर त्याला आपली उधारी आठवते की राग, हे डीएम ठरवेल. न वापरलेली सोंगटी पुढच्या सेशनला नेऊ देऊ नका. साठवलेल्या सोंगट्या नेमक्या शेवटच्या लढाईत बाहेर येतात.

पायरी ६: न जमणारी कल्पना आली तर

येईलच. रोग म्हणेल, खारणीच्या खाली सोन्याचं शहर आहे. तुमची आखणी कोसळेल. 'नाही' म्हणायच्या आधी तिला अफवा करून बघा: "गुत्त्यात तसं म्हणतात खरं. तुला हे कुणी सांगितलं?" आता ती जगात आहे, पण खरी असायचं बंधन नाही. कुणाला तरी ती खरी वाटते, एवढ्यावरही एखादं सेशन उभं राहतं. दोन खेळाडूंनी एकाच देवाबद्दल दोन उलट गोष्टी सांगितल्या तर दोन पंथ करा. जगातल्या लोकांनाही सगळं ठाऊक नसतं, आणि डीएमच्या हातातलं हे सगळ्यात कामाचं हत्यार आहे.

तरीही बसत नसेल तर स्पष्ट सांगा, लगेच सांगा, आणि बदल्यात काहीतरी मागा: "हे नको, सूर बिघडतोय. पण खाली काहीतरी पोकळ आहे हे घेतो, काय ते नंतर बघू." आधी हो म्हणून पुढच्या सेशनला गुपचूप पुसून टाकणं हे नकारापेक्षा वाईट. त्यानंतर तो खेळाडू काही सुचवणार नाही.

पायरी ७: नोंद

टेबलावर बोललं गेलं तेवढंच खरं, हा नियम करा. व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री एक वाजता कुणी आपल्या घराण्याचा इतिहास टाकला तर छान, पण तो सेशनमध्ये तोंडून येईपर्यंत फक्त इच्छा. लिहायचं काम डीएमकडे नको, खेळाडूंनी पाळीपाळीनं करावं. गूगल डॉकमध्ये तीन रकाने पुरतात: पक्कं, अफवा, मोकळं. दर सेशनला पाच-सहा ओळी. पुढचं सेशन सुरू करताना लिहिणाऱ्यानंच त्या वाचायच्या, म्हणजे "मागच्या वेळी काय झालं होतं?" याची पाच मिनिटंही वाचतात.

पायरी ८: गुपितं कशी ठेवायची

सगळ्यांनीच जग रचलं तर आश्चर्य कसलं, हा आक्षेप नेहमी येतो. 'काय' खेळाडूंनी सांगितलंय, 'का' अजून तुमच्या हातात आहे. गलबतावर अमावास्येला दिवा लागतो हे क्लेरिकनं सांगितलं. तो कोण लावतं, आणि थोरल्या पुजारीणबाई आजारपणाचं सोंग घेऊन त्या रात्री कुठे होत्या, हे तिलाही ठाऊक नाही. स्वतः सांगितलेल्या गोष्टीमागचं कारण समोर येतं तेव्हा खेळाडूच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते डीएमनं एकट्यानं रचलेल्या कटातून क्वचितच मिळतं.

तयारी करताना 'पक्कं' आणि 'अफवा' यांतून तीन गोष्टी उचला, शक्यतो तीन वेगळ्या खेळाडूंच्या, आणि त्या एकमेकींत अडकवा. खेळाडूनं दिलेली गोष्ट दोन-तीन सेशनांत वापरात यायला हवी. वर्षभर नकाशावर नुसतंच पडून राहिलेलं गलबत कुणाचंच नसतं.

अर्थ बदला, पण दिलेलं काढून घेऊ नका. पुजारीणबाई खोटं बोलल्या हे चालेल. क्लेरिकचं अख्खं देऊळ पहिल्यापासून राक्षसांचं होतं आणि तिच्या सगळ्या आठवणी खोट्या, हे न विचारता करू नका. मोठा धक्का द्यायचा असेल तर आधी खाजगीत विचारा: "तुझ्या आजोळावर संकट आणलं तर चालेल का? कसलं ते सांगत नाही." बहुतेक जण उत्साहानं हो म्हणतात. जो नाही म्हणतो त्याचं आजोळ सोडून द्या.

कुठे वाटू नये

खुनाचा शोध असेल तर पुरावे आणि गुन्हेगार पूर्णपणे डीएमचे. खेळाडूंनी पुरावे रचायला लागल्यावर तो तपास राहत नाही. छापील साहस, म्हणजे विकत मिळणारी तयार गोष्ट, चालवत असाल तर पात्रांचं अंगण तेवढं वाटा आणि बाकी तसंच ठेवा. आणि काही खेळाडूंना जग रचायचंच नसतं. दिवसभर ऑफिसात निर्णय घेऊन आलेल्याला कुणीतरी गोष्ट सांगितलेली हवी असते. त्याला अरसिक ठरवू नका. त्याचे प्रश्न कमी करा, त्याच्या वाट्याची गावं दुसऱ्याला द्या.

डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर लिहून खेळणाऱ्यांसाठी एक जास्तीची अट: दुसऱ्याच्या पात्रानं काय केलं किंवा त्याला काय वाटलं हे आपल्या पोस्टमध्ये लिहायचं नाही. समोरासमोर असताना चेहरा बघून थांबता येतं, लिहिताना तीन परिच्छेद पुढे गेल्यावर कळतं. जगात मोठी भर घालायची असेल तर आधी वेगळ्या चॅनेलवर दोन ओळींत विचारायची.

मधूनच नवा खेळाडू आला तर

त्याला तीस सेशनांचा डॉक वाचायला देऊ नका. नकाशाची राहिलेली कोरी जागा दाखवा आणि सांगा, तू इथून आलास, एक गाव काढ. मग जुन्यांपैकी एकाला विचारायला लावा: "आम्ही खारणीतले लोक तुमच्या गावाला वचकून का असतो?" तो उत्तर देईल. ते लिहून घ्या, आणि त्याच सेशनमध्ये त्या गावचं कुणीतरी बंदरावर उतरवा.